निव्वळ रकमेची नोंद: छोट्या ठेकेदाराच्या हिशेबातला न दिसणारा तोटा आणि तो शोधण्याची रीत

शाळाखोल्यांच्या बांधकामाचे एक चालू देयक समोर घेऊ. मोजमाप पुस्तिकेप्रमाणे झालेल्या कामाची किंमत 10,00,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 1,80,000 रुपये, म्हणजे देयक 11,80,000 रुपयांचे झाले. काम देणाऱ्या शासकीय कार्यालयाने त्यातून सुरक्षा अनामत 5 टक्के म्हणजे 50,000, आयकराचा टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच आधी कापून सरकारकडे भरायचा कर) 1 टक्का म्हणजे 10,000, जीएसटीचा टीडीएस 2 टक्के म्हणजे 20,000, कामगार उपकर 1 टक्का म्हणजे 10,000 आणि खडी-मुरमाचे वाहतूक पास सादर न केल्यामुळे रॉयल्टीपोटी (खनिजाच्या स्वामित्वधनापोटी) 18,000 रुपये कापले. बँकेत 10,72,000 रुपये जमा झाले. हिशेबनिसाने मोबाइलवर आलेला बँकेचा संदेश पाहिला आणि किर्दीत एकच नोंद केली: बँक खाते नावे, विक्री खाते जमा, 10,72,000 रुपये.

या नोंदीनंतर बँकेची शिल्लक जुळते, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा तक्ता) जुळते, वर्षअखेरीचा ताळेबंदही जुळतो, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. जमा झालेली रक्कम जीएसटीसह आहे असे समजून हिशेबनीस ती 1.18 ने भागतो, त्यामुळे विक्री 9,08,475 आणि कर 1,63,525 रुपये दाखवला जातो. कर 16,475 रुपयांनी कमी भरला जातो आणि त्यावर वार्षिक 18 टक्के दराने व्याज चढू लागते. आयकराच्या 26एएस विवरणात (पॅनवर जमा झालेल्या टीडीएसच्या यादीत) कार्यालयाने 10,00,000 रुपयांवर टीडीएस कापल्याचे दिसते आणि वह्यांत विक्री त्याहून 91,525 रुपयांनी कमी असते, त्यामुळे नोटिशीला आमंत्रण मिळते. शिवाय अनामत आणि दोन्ही टीडीएस मिळून 80,000 रुपये, जे ठेकेदाराचे स्वतःचे येणे आहे, ते वह्यांत कोठेही उरत नाही. आणि ज्याची नोंद नाही ते मागायला कोणी जात नाही.

वर्षात अशी दहा देयके धरली तर 8,00,000 रुपयांचे येणे वह्यांतून गायब होते. अप्रशिक्षित हिशेबनीस महिना 15,000 रुपयांत मिळतो आणि बांधकामाचे हिशेब जाणणारा 28,000 रुपये मागतो असे समजा. वर्षाचा फरक 1,56,000 रुपयांचा पडतो. ठेकेदार हा फरक वाचला म्हणून समाधानी असतो. माझा अनुभव असा, की छोट्या ठेकेदाराचा तोटा बेरजेच्या चुकीतून फारसा होत नाही. तो न केलेल्या नोंदींतून होतो, आणि न केलेली नोंद वह्या चाळून सापडत नाही, कारण ती वहीत नसतेच. ती बाहेरच्या कागदांवरून शोधावी लागते. ती कशी शोधायची आणि पुढे कशी थांबवायची, ते क्रमाने सांगतो.

एक खुलासा आधीच केलेला बरा. अप्रशिक्षित म्हणजे अडाणी किंवा अप्रामाणिक नव्हे. तो बहुधा वाणिज्य शाखेचा पदवीधर असतो, टॅलीचा तीन महिन्यांचा वर्ग केलेला असतो आणि बऱ्याचदा मालकाचा भाचा किंवा मेहुणा असतो. दुकानाचा हिशेब तो उत्तम लिहील. परंतु दुकानात माल दिला की पैसे आले आणि विषय संपला असा व्यवहार असतो. बांधकामात एका कामाचे पैसे तीन-चार वर्षे तुकड्यातुकड्याने येत राहतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. साइटवर त्याला कधी नेलेलेही नसते.

पहिली पायरी: एक पूर्ण झालेले काम निवडा

सगळ्या वह्या एकदम तपासायला घेऊ नका. त्यात महिना जाईल आणि हाती काही लागणार नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत पूर्ण झालेले, चार-पाच चालू देयके आणि एक अंतिम देयक निघालेले एक मध्यम काम निवडा. त्या कामाचा कार्यारंभ आदेश, करारनामा, प्रत्येक देयकाचा गोषवारा आणि कपातींचा तक्ता यांच्या प्रती गोळा करा. फाइलमध्ये बहुतेक वेळा कपातींचा तक्ताच नसतो. तो उपविभागीय कार्यालयातून किंवा लेखा शाखेतून मागून आणावा लागतो, आणि हा एक हेलपाटा टाळता येत नाही.

मग साध्या कागदावर प्रत्येक देयकासाठी रकाने आखा: कामाची एकूण किंमत, जीएसटी, प्रत्येक कपात स्वतंत्र, निव्वळ रक्कम, जमा झाल्याची तारीख. शेजारी तुमच्या वह्यांत त्या देयकाची नोंद कशी आहे ते लिहा. वर सांगितलेली एका ओळीची नोंद तुमच्याकडेही असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्याचसाठी आहेत.

दुसरी पायरी: प्रत्येक कपातीचा पाठपुरावा

कपात ही सगळीच खर्च नसते. कामगार उपकर हा खर्च आहे. आयकराचा टीडीएस हा आगाऊ भरलेला कर आहे; तो 26एएस मध्ये तुमच्या पॅनवर दिसतो की नाही ते तपासा, कारण कार्यालयाने चुकीचा पॅन टाकला असेल किंवा त्यांचे तिमाही विवरण भरले नसेल तर ती रक्कम तुमच्या नावावर येतच नाही, आणि दुरुस्ती त्यांनीच करायची असते.

जीएसटीच्या टीडीएसची गोष्ट याहून वेगळी आहे. शासकीय विभाग आणि स्थानिक संस्था अडीच लाख रुपयांवरील करारांत 1 ऑक्टोबर 2018 पासून ही 2 टक्के कपात करतात आणि पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत आपले जीएसटीआर-7 विवरण भरतात. त्यानंतर ती रक्कम आपोआप जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या रोख खातेवहीत येत नाही. पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटच्या सदरात जाऊन ती स्वीकारावी लागते, तेव्हाच ती कर भरायला वापरता येते. हे माहीत नसलेला हिशेबनीस दरमहा खिशातून कर भरत राहतो आणि तुमचे दोन-चार लाख पोर्टलवर ‘स्वीकाराच्या प्रतीक्षेत’ पडून राहतात. पोर्टल उघडून ही यादी आजच पाहा. या सबंध लेखातला सर्वांत लवकर हाती येणारा पैसा हाच आहे.

सुरक्षा अनामतीत बहुतेकांची सर्वांत मोठी रक्कम अडकलेली असते. ती दोषदायित्व कालावधी (काम पूर्ण झाल्यावर निघालेले दोष ठेकेदारानेच दुरुस्त करायची मुदत) संपल्यावर परत मिळते, परंतु मागितल्यावर. तोवर शाखा अभियंता बदलून गेलेला असतो, फाइल दुसऱ्या कपाटात गेलेली असते, आणि तुमच्याकडे ज्याने ते काम पाहिले तो नोकरही गेलेला असतो. म्हणून अनामतीची स्वतंत्र नोंदवही ठेवा. तिच्यात कामाचे नाव, करार क्रमांक, देयक क्रमांक, कापलेली रक्कम, रोख कपात की मुदत ठेव पावती, काम पूर्णत्वाच्या दाखल्याची तारीख, दोषदायित्व संपण्याची तारीख, मागणी अर्जाची तारीख आणि त्यावर मिळालेला आवक क्रमांक हे रकाने असावेत. शेवटचा रकाना रिकामा असेल तर अर्ज दिलाच नाही असे समजावे, मग हिशेबनीस काहीही म्हणो. मुदत ठेव पावत्या कार्यालयात गहाण पडून मुदत संपलेल्या असतात, त्यांचीही याच वहीत नोंद करा.

रॉयल्टीची कपात वेगळ्या कारणाने होते. खडी, मुरूम, वाळू यांचा पुरवठादार स्वामित्वधन भरून वाहतूक पास देतो. ते पास देयकासोबत जोडले नाहीत तर विभाग ती रक्कम तुमच्याकडून वसूल करतो. म्हणजे खडीच्या दरात एकदा आणि देयकातून दुसऱ्यांदा, असे तुम्ही तेच पैसे दोन वेळा देता. पास बहुतेक वेळा ट्रकचालकाच्या डॅशबोर्डवर किंवा साइटवरच्या सिमेंटच्या रिकाम्या गोणीखाली सापडतात, कारण हिशेबनिसाच्या लेखी तो ‘बिल नसलेला कागद’ असतो. पास मिळाल्याशिवाय खडीच्या बिलाची रक्कम सुटणार नाही, एवढा एकच नियम केला तरी ही गळती बंद होते.

तिसरी पायरी: खरेदीवरचा जीएसटी

वर्षभरातल्या सिमेंट, स्टील, रेडीमिक्स, टाइल्स आणि जेसीबीच्या दुरुस्तीची बिले घेऊन ती महिनावार जीएसटीआर-2बी शी (पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या तुमच्या खरेदीच्या यादीशी) ताडून पाहा. चार प्रकार सापडतील. काही बिलांत कर वेगळा न दाखवता पूर्ण रक्कमच खर्चात टाकलेली असेल. काही बिले साइट सुपरवायझरच्या नावाने किंवा जीएसटी क्रमांकाशिवाय फाडलेली असतील. काही पुरवठादारांनी आपले विवरणच भरले नसेल, त्यामुळे ते बिल 2बी मध्ये येणारच नाही. असल्या पुरवठादाराची कराची रक्कम रोखून धरण्याचा अधिकार खरेदीच्या वेळीच लिहून घ्यावा. आणि काही बिले 2बी मध्ये दिसत असूनही वह्यांत नसतील, म्हणजे कागद साइटवरच हरवला.

आर्थिक वर्षाच्या बिलांचे क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरले तर तोपर्यंतच घेता येते. त्यानंतर ते कायमचे गेले. पुरवठादाराला 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते आणि पैसे दिल्यावर पुन्हा घेता येते. ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्यावर काही वेळा उलट पद्धतीने तुम्हालाच कर भरावा लागतो, हेही साध्या हिशेबनिसाच्या गावी नसते.

विक्रीच्या बाजूला एक जुनी खोड सांगतो. नवे बिल करताना मागचे बिल उघडायचे, आकडे बदलायचे आणि छापायचे. शासकीय कामांवरील जीएसटी 18 जुलै 2022 रोजी 12 वरून 18 टक्के झाला तेव्हा अशा नक्कल केलेल्या बिलांनी कित्येकांचे सहा टक्के नुकसान केले. ठेकेदारीत एवढा तर पूर्ण नफाही राहत नाही.

चौथी पायरी: मुकादमाचे खाते

येथे थोडे थांबावे लागेल, कारण दुबार पैसे जाण्याची ही हमखास जागा आहे. मुकादमाला कामाच्या आधी उचल दिली जाते, दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी मजुरांना खर्ची (हातखर्चाची रक्कम) दिली जाते, आणि काम मोजल्यावर त्याचे बिल होते. उचल आणि खर्ची या दोन्ही रकमा मुकादमाच्या नावे पडल्या पाहिजेत आणि बिलातून वजा झाल्या पाहिजेत. अप्रशिक्षित हिशेबनीस उचल ‘मजुरी खर्च’ म्हणून लिहितो, खर्ची ‘साइट खर्च’ म्हणून लिहितो आणि बिल आले की पुन्हा ‘मजुरी खर्च’. मुकादमाच्या खात्यावर मग काहीच येणे दिसत नाही आणि त्याला बिल पूर्ण चुकते केले जाते. मुकादमाला सगळा हिशेब तोंडपाठ असतो. पण तुमच्या वहीत नसेल तर तो कशाला आठवण करून देईल?

निवडलेल्या कामाच्या प्रत्येक मुकादमाची बिले, मोजमाप आणि त्याला दिलेली एकूण रक्कम समोरासमोर मांडा. जास्त गेलेली रक्कम तिथल्या तिथे दिसेल.

याच खात्यात कराचे दोन सापळे आहेत. येथे 1961 च्या आयकर अधिनियमातले कलम क्रमांक देतो, कारण कार्यालयांत तेच बोलले जातात. 1 एप्रिल 2026 पासूनच्या आयकर अधिनियम 2025 मध्ये क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा विवरण भरताना सनदी लेखापालांकडून नवे क्रमांक घ्यावेत. पहिला सापळा 194सी चा. मागच्या वर्षी धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर गेली असेल तर एकल मालकालाही उपठेकेदाराचा टीडीएस कापावा लागतो. एकरकमी 30,000 किंवा वर्षात एकूण 1,00,000 रुपयांच्या वर गेल्यावर, आणि मुकादम व्यक्ती असेल तर 1 टक्का. पाच लाखांच्या मजुरीवर 5,000 रुपये कापायचे राहिले तर खर्चाच्या 30 टक्के म्हणजे 1,50,000 रुपये नामंजूर होऊ शकतात, आणि 30 टक्के दराने त्यावर 45,000 रुपये कर बसतो. कापून वेळेत न भरल्यास महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला दीड टक्का व्याज आहे. 25 जूनला कापलेली रक्कम 7 ऐवजी 8 जुलैला भरली, तर एका दिवसाच्या उशिरासाठी दोन महिन्यांचे व्याज लागते. विवरणाचा उशीर रोज 200 रुपयांचा, तो वेगळाच.

दुसरा सापळा रोखीचा. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा अधिक रोख दिले तर तो खर्च कलम 40ए(3) प्रमाणे नामंजूर होतो. हुशार हिशेबनीस मग 9,500 च्या तीन पावत्या एकाच दिवशी एकाच मुकादमाच्या नावाने करतो. मर्यादा दिवसाच्या एकूण रकमेला आहे, त्यामुळे या हुशारीचा उपयोग शून्य, आणि लेखापरीक्षकाला मात्र शंकेला जागा मिळते.

पाचवी पायरी: स्टीलचा काटा

हे काम हिशेबनीस आणि साइट इंजिनियर यांनी एकत्र बसून करायचे आहे. स्टील तुम्ही काट्यावरच्या वजनाने विकत घेता. मोजमाप पुस्तिकेत मात्र ते सळईची लांबी गुणिले प्रमाण वजन या हिशेबाने चढते. प्रमाण वजन काढायला व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग 162 ने भागतात: 12 मिमीच्या सळईला मीटरला 0.889 किलो, म्हणजे 12 मीटरच्या नगाला सुमारे 10.67 किलो. कारखान्यात सळई थोडी जड निघणे हे भारतीय मानकाच्या मर्यादेत बसते. आता सळई 3 टक्के जड असेल तर 20 टन स्टीलमध्ये 600 किलोचे पैसे तुम्ही पुरवठादाराला दिले, पण विभागाकडून ते तुम्हाला कधीच मिळणार नाहीत. किलोला 55 रुपये धरले तर 33,000 रुपये.

ज्याला हे ठाऊक नाही तो हिशेबनीस एक तर काहीच पाहत नाही, किंवा स्टील कमी भरले म्हणून साइटच्या रखवालदारावर संशय घेतो. ज्याला ठाऊक आहे तो ट्रक उतरताना प्रत्येक व्यासाचे नग मोजून घेतो, काटा पावतीतले वजन नगांनी भागतो आणि पुढच्या खेपेला कोणत्या कंपनीचा माल घ्यायचा ते तुम्हाला सांगतो. चलन, काटा पावती आणि बिल हे तिन्ही कागद एकत्र टाचल्याशिवाय स्टीलचे बिल नोंदवायचे नाही.

सहावी पायरी: साइटनिहाय खर्च

दोन कामे चालू असताना एका साइटचे उरलेले प्लायवूड, सेंटरिंगच्या प्लेट्स, वीस-तीस गोणी सिमेंट दुसऱ्या साइटवर जाते आणि त्याची चिठ्ठीही होत नाही. परिणामी पहिले काम तोट्यात आणि दुसरे फायद्यात दिसते. टॅलीत कॉस्ट सेंटरची सोय असते, ती चालू केली की प्रत्येक नोंदीला साइटचे नाव लावता येते. पण मालाच्या ने-आणीची पावती साइटवरच फाटली पाहिजे, नाहीतर संगणकाला काय कळणार?

या चुकीची किंमत पुढच्या निविदेत मोजावी लागते. बी-1 नमुन्याच्या निविदेत दर सूचीच्या किती टक्के कमी किंवा अधिक एवढेच लिहायचे असते. मागचे काम 12 टक्के ‘बिलो’ घेऊनही परवडले असे चुकीच्या वह्या सांगत असतील, तर तुम्ही पुढचे 14 टक्के बिलो भरता आणि तोटा कराराने स्वतःवर बांधून घेता. वर्षभराच्या सगळ्या दंडव्याजांपेक्षा हा एक आकडा जड पडू शकतो.

‘किरकोळ खर्च’ आणि ‘सस्पेन्स’ ही दोन खाती याच वेळी उघडून पाहा. त्यांत जेवढी रक्कम मोठी, तेवढ्या वेळा हिशेबनिसाने ‘साहेब, हे कशात टाकू?’ असे विचारले आणि तुम्ही फोनवर ‘टाक कुठेतरी’ असे उत्तर दिले, एवढाच त्याचा अर्थ. यात दोष त्याचा निम्मा आहे.

सातवी पायरी: आकडा काढा आणि माणूस ठरवा

सापडलेल्या रकमा तीन ढिगांत लावा: मागून मिळणाऱ्या, कायमच्या गेलेल्या आणि व्याज-दंडाच्या. एका कामाचा हा आकडा वर्षातल्या कामांशी ताडून पाहिला की पगाराचा प्रश्न आपोआप सुटतो. नवा माणूस आणणे हाच उपाय असतो असे नाही. आहे तो प्रामाणिक असेल तर त्याला पंधरा दिवस साइटवर बसवा, एक देयक मोजमापापासून बँकेत जमा होईपर्यंत त्याच्या हातून फिरवा, आणि लेखापालाला पैसे देऊन महिन्यातून एक दुपार त्याच्याजवळ बसवा. भिंतीवर तारखा लावा: 7 ला टीडीएसचा भरणा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचे विवरण), 14 ला 2बी ताडणे, 15 ला भविष्य निर्वाह निधी, 20 ला जीएसटीआर-3बी (कर भरण्याचे विवरण). तिमाही विवरणाची सवलत घेतली असेल तर जीएसटीच्या तारखा त्याप्रमाणे बदलून लिहा.

पुरवठादारांच्या यादीत सूक्ष्म आणि लघु उद्योग कोणते, हे उद्यम प्रमाणपत्रे मागवून लिहून ठेवायला त्याला सांगा. वीटभट्टीवाला किंवा फॅब्रिकेशनवाला त्यात असेल तर लेखी करार नसताना 15 दिवसांत, असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत त्याचे पैसे गेले पाहिजेत. वर्षअखेरीला ती मुदत उलटून थकले असतील तर कलम 43बी(एच) प्रमाणे तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळतो.

नवा हिशेबनीस घ्यायचाच असेल तर त्याच्या प्रमाणपत्रांवर वेळ घालवू नका. सुरुवातीला दिलेल्या देयकाची प्रत आणि बँकेचा उतारा त्याच्यासमोर ठेवा आणि नोंद करायला सांगा. तो 10,72,000 रुपयांची एक ओळ लिहून कागद परत देईल, किंवा सात-आठ ओळी लिहील आणि रॉयल्टीच्या 18,000 रुपयांवर बोट ठेवून विचारेल, ‘याचे पास कुठे आहेत?’